कोटाचे बटण आणि खंडाळ्याचा खडक
मुलांसाठीची ज्यू चित्रपुस्तके म्हणजे हनुक्का या ज्यू सणाचे दिवे आणि त्या सणात खेळायचा चौकोनी भोवरा एवढेच, असे एक मत मांडले जाते; मला ते अपुरे वाटते. सिम्स टबॅक यांच्या, २००० साली कॅल्डेकॉट पदक (चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकी पुरस्कार) मिळालेल्या पुस्तकात यिडिश (पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा) गाण्यातला जोसेफ जुन्या ओव्हरकोटाचे जाकीट, मग बंडी, मफलर, टाय, रुमाल आणि शेवटी बटण करतो. पानांना कापलेल्या भोकांमुळे पान उलटताच कापड घटलेले मुलाला प्रत्यक्ष दिसते. बटणही हरवते, तेव्हा जोसेफ त्याचीच गोष्ट लिहितो. मला मात्र (हा माझा जुनाच हट्ट) कोकणातील बेने इस्राएलांचे, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे, मराठी चित्रपुस्तक हवे आहे: अलिबागजवळच्या खंडाळ्यातील खडकावर उमटलेल्या, एलियाहू हन्नाबी या ज्यू प्रेषिताच्या रथाच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या खुणा आणि नवसाचा पोहे, गूळ व ओल्या खोबऱ्याचा मलिदा.