व्होल्टेज वाढवण्याआधी ते नीट मोजावे

किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणात मोजणी कमी दिसू लागली की त्यातील गायगर-म्युलर नळीचे (किरणोत्सर्ग टिपणाऱ्या, वायू भरलेल्या नळीचे) व्होल्टेज वाढवावे, हा सल्ला मला घातक वाटतो. नळीच्या पठारी भागात, म्हणजे ती ज्या व्होल्टेजच्या पट्ट्यात चालवायची असते तेथे, व्होल्टेज वाढवून मोजणी फारशी बदलत नाही आणि पठार ओलांडल्यास अखंड विसर्जन (वायूतून न थांबता वीज वाहणे) सुरू होऊन नळी कायमची निकामी होऊ शकते.

मुळात ते व्होल्टेज मोजले कशाने, हे कोणीच विचारलेले नाही. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध बहुधा 10 मेगाओम असतो, तर हातात धरायच्या उपकरणांतील उच्च व्होल्टेजचा पुरवठा इतका नाजूक असतो की मीटर जोडताच त्यातून वाहणाऱ्या विजेने तो खाली येतो, 500 व्होल्टच्या जागी 350 दिसू शकतात आणि निर्दोष पुरवठा विनाकारण वाढवला जातो. येथे गिगाओम (1000 मेगाओम) रोधाचा प्रोबच, म्हणजे मीटरला जोडायची तशी कांडीच, हवी.