कात्रणं तीन, स्रोत एकच

'जळगाव-धुळ्याच्या तीन दैनिकांत बातमी आलीय, मग अहिराणी कवीच्या विकिपीडिया लेखाला आणखी कसला संदर्भ हवा?' हा मुद्दा अर्धाच पटतो. ती कात्रणं शेजारी शेजारी ठेवून वाचा. विशेषणांसकट वाक्यं तीच असतील तर ते एकच प्रसिद्धीपत्रक आहे. स्रोत एकच धरायचा, तोही स्वतंत्र नाही. वाढदिवसाची पुरवणी म्हणजे बहुधा जाहिरातच. गौरवग्रंथ गौरव समितीनेच काढलेला. पुस्तकाचा आयएसबीएन (ओळख क्रमांक) दाखवून तर काहीच सिद्ध होत नाही, भारतात तो स्वतः छापलेल्या पुस्तकालाही फुकट मिळतो. कवीच्या स्वतःच्या पुस्तकातून जन्मगाव, शिक्षण, नोकरी एवढं खुशाल घ्या. 'खान्देशचे अग्रगण्य कवी' हे मात्र दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं असावं लागतं.

आणखी एक विषय पीएचडीच्या प्रबंधांचा. शोधगंगेवरचा (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातला) प्रबंध भक्कम वाटतो, पण आधी तळटीप बघा. तिथे 'प्रत्यक्ष मुलाखत' असेल तर ते कवीचंच म्हणणं, फेरा मारून आलेलं. कधी कधी तर तळटीपेत विकिपीडियाचाच पत्ता सापडतो! तळटीपच नसेल तर विकिपीडिया लेखाच्या 'इतिहास पहा'मध्ये (जुन्या बदलांच्या यादीत) ते वाक्य कधी आलं ते शोधायचं आणि प्रबंधाच्या वर्षाशी ताडायचं. कुणी कुणाचं उचललं याचा अंदाज येतो. आणि कवीला किंवा त्याच्या मुलाला स्वतःच भर घालायची असेल तर लेखात हात न घालता चर्चा पानावर नातं उघड सांगून, पृष्ठ क्रमांकासह मजकूर सुचवावा.