सहा फुटांची मर्यादा, आठ फुटांचं कुंपण: अर्जात काय लिहू?

परसदार
आमच्याकडे मागच्या कुंपणाला सहा फुटांची मर्यादा आहे. शेजाऱ्यांनी त्यांच्या आवारात भराव टाकून जमीन वर घेतली. तेव्हापासून आमचं सहा फुटी कुंपण त्यांच्या कमरेला लागतं. संध्याकाळी ते त्यावर कोपर टेकवून फोनवर बोलत असतात. माणसं चांगली आहेत, भांडण अजिबात नाही. पण खुब्याच्या ऑपरेशननंतर आई वॉकर घेऊन परसात दहा फेऱ्या मारायची, ती आता दार लावून आतच बसते. हे मला फार लागलंय. आठ फुटांसाठी अर्ज करायचा आहे. अर्ज घेतात त्या कार्यालयाच्या खिडकीवर सांगितलं, 'कारण मोघम नको.' म्हणजे नेमकं काय लिहू?

तिरकी हद्द
आधी नियमात उंची कुठून मोजतात ते वाचा. काही ठिकाणी खालच्या बाजूने मोजतात, काही ठिकाणी वरच्या, काही ठिकाणी सरासरी धरतात. वरच्या बाजूने मोजत असतील तर तुम्हाला कदाचित परवानगीच लागणार नाही! आणि वर जाळी लावून उंची वाढवायचा सल्ला कोणी दिला तर थांबा, बहुतेक ठिकाणी तीही उंचीत धरतात.

कोपऱ्याचा प्लॉट
माझा पहिला अर्ज फेटाळला गेला. 'खासगीपणा हवा' एवढंच लिहिलं होतं, आणि तो सगळ्यांनाच हवा असतो. सूट देताना साधारण तीन गोष्टी बघतात: अडचण त्या जमिनीचीच आहे का, ती तुम्ही स्वतः ओढवून घेतलीय का, आणि मागितलेली सूट गरजेपुरतीच आहे का. भराव तुम्ही टाकलेला नाही, हे ठळक लिहा. दोन्ही जमिनींचा उभा छेद, म्हणजे बाजूने कापल्यासारखं दाखवून उंचीचा फरक कळेल असं चित्र, काढून जोडा. माझं काम त्या एका कागदाने झालं. आईंबद्दलही लिहा, पण जमिनीच्या फरकानंतर. तुमच्या अर्जाची नोटीस कार्यालयाकडून शेजाऱ्यांना जाण्याआधी स्वतः जाऊन नकाशा दाखवा आणि लेखी संमती घ्या. परवानगी हातात येईपर्यंत एकही खांब रोवू नका.

खांब आणि पाया
मी बांधकामातला माणूस. सहाचं आठ केलं की खांबाच्या बुंध्यावर वाऱ्याचा जोर तिसऱ्या हिश्श्याने वाढेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो जवळपास पावणेदोन पट होतो, कारण फळीही वाढते आणि तरफही. जुन्याच खांबांवर फळ्या चढवू नका. नवे खांब, जास्त खोल पाया, आणि तो तपशील अर्जासोबतच द्या. भरावाचं पाणी तुमच्या बाजूला उतरतं का तेही बघा, ओल्या मातीत खांब कलतात.

परसदार
सगळ्यांचे मनापासून आभार. नियम वाचला: आमच्याकडे अर्जदाराच्या बाजूच्या जमिनीपासून मोजतात, म्हणजे परवानगी लागणारच. काल भावाला घेऊन पाण्याच्या नळीने लेव्हल काढली. आईच्या फेऱ्यांच्या बाजूला फरक 2 फूट 10 इंच, दुसऱ्या टोकाला जेमतेम 5 इंच. आठ फूट केलं तरी शेजाऱ्यांच्या बाजूने ते 5 फूट 2 इंचच दिसेल. पूर्ण 60 फुटांसाठी मागणार होते, आता फक्त उंच भरावाच्या 28 फुटांसाठीच मागतेय. शेजारच्या काकांनी छेद पाहिला, सही केली आणि म्हणाले, 'आईंना त्रास होतोय हे आधी सांगायचं होतं.'