पॅडॉकमध्ये कोणाला सोडायचं?

तापीकाठचा: मंडळी, गावात बैलगाडा शर्यत ठेवतोय, परवानगीचं आणि डॉक्टरांच्या दाखल्याचं काम चालूये. डोकेदुखी दावणीची आहे भो, मागच्या वेळी पन्नास जण सेल्फी काढायला आत अन् कोणीतरी बैलाला गुळाचा गोळा चारून गेला. ती अमेरिकेत दोन चाकी गाडी जुंपून घोडे पळवतात त्या शर्यतीत हे कसं सांभाळतात?

सारंगखेडावाला: त्याला हार्नेस रेसिंग म्हणतात भाऊ. घोडा शर्यतीच्या बराच आधी पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे ठेवायच्या बंदिस्त आवारात, आणावा लागतो, ठरलेल्या ठाणात उभा करायचा अन् गेटवर लायसन्स बघून सही घेऊनच माणूस आत. मालकाचा मेहुणा वगैरे चालत नाही 😀 घोडा तोच आहे का हे मानेवरचा ब्रँड (डागून केलेली खूण) किंवा मायक्रोचिप बघून ताडून पाहतात. एवढा कडकपणा का, तर काही लोक शर्यतीआधी नळीने पोटात खायचा सोडा सोडायचे, स्नायू लवकर थकू नये म्हणून, त्याला मिल्कशेक म्हणतात, आता रक्त तपासून पकडतात.

नाना: आपल्याकडं मायक्रोचिप कुठून आणणार. बांबू बांधा, एकच दार ठेवा, जोडीमागे दोनच बिल्ले अन् दारावर परगावचा माणूस बसवा. गावातला बसवला तर तो सरपंचाला अडवणार आहे का?

तापीकाठचा: नाना, सरपंचच गूळ घेऊन आले होते.