बेटांवरील लोकांमध्ये मधुमेहाचा धोका: बीएमआय की कंबरेचा घेर?

प्रश्न:
सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासासाठी मी नाउरू, सामोआ आणि मॉरिशस येथील मधुमेहाविषयी वाचत आहे. नाउरूमध्ये १९७५-७६ च्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना मधुमेह आढळला होता. धोका ओळखण्यासाठी या तिन्ही ठिकाणी बीएमआयची (उंचीच्या तुलनेत वजन किती, हे सांगणाऱ्या निर्देशांकाची) एकच मर्यादा लावणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १:
माझ्या मते मुळीच नाही. वजन स्नायूंचे आहे की चरबीचे, आणि ती चरबी पोटात साठली आहे की मांड्यांवर, हे बीएमआयवरून कळत नाही. पॉलिनेशियन (सामोआसारख्या पॅसिफिक बेटांवरील) वंशाच्या लोकांत तेवढ्याच बीएमआयला युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा चरबी कमी आढळते, तर मॉरिशसमध्ये बहुसंख्य असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांत ती जास्त असते आणि प्रामुख्याने पोटाभोवती साठते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघही दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कंबरेच्या घेराची मर्यादा ९० सेंटिमीटर मानतो, युरोपीय पुरुषांसाठी ९४; स्त्रियांसाठी मात्र दोन्हीकडे ८० च आहे.

प्रतिसाद २:
सामोआचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील लोकांत सीआरईबीआरएफ जनुकाचा एक प्रकार बराच आढळतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याच्या प्रत्येक प्रतीमागे बीएमआय सरासरी सुमारे १.४ ने वाढतो, आणि तरीही मधुमेहाचा धोका कमी होतो! अर्थात, यावरून तेथील लठ्ठपणा निरुपद्रवी ठरत नाही. तसेच सगळा भार वंशावर टाकणेही मला पटत नाही, कारण मॉरिशसमध्ये १९८७ च्या पाहणीत भारतीय, क्रिओल (मुख्यतः आफ्रिकी मिश्र) आणि चिनी वंशाच्या लोकांमध्येही मधुमेहाचे प्रमाण मोठेच आढळले होते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग प्रत्यक्ष पाहणीत कोणते माप घ्यावे?

प्रतिसाद १:
उंची, वजन आणि कंबर ही तिन्ही मापे घ्यावीत. घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक असल्यास धोका वाढलेला मानावा, हा नियम उंची विचारात घेत असल्यामुळे निरनिराळ्या बांध्यांच्या लोकांची तुलना करताना सोयीचा पडतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यानंतर, टेप त्वचेत रुतू न देता घेर मोजावा. मोजणाऱ्यांनी जागा बदलली, तर दोन बेटांची तुलनाच निरर्थक होईल. निदान मात्र रक्ततपासणीनेच करावे, आणि शक्य असल्यास घेर मर्यादेच्या आत असलेल्या काही व्यक्तींचीही तपासणी करावी, म्हणजे ती मर्यादा त्या लोकांना कितपत लागू पडते हे तपासता येईल.