एकेरी लाइन, मधे एक लूप: दोन गाड्यांचं क्रॉसिंग आपोआप कसं करायचं?

विलवडेकर

नमस्कार मंडळी. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये भिंतीलगत बारा फूट लांब आणि दीड फूट रुंद असा मॉडेल रेल्वेचा एचओ (१:८७ मापाचा) लेआउट उभा करतोय. विषय कोकण रेल्वेचा, वीरच्या खालचा, म्हणजे एकेरी लाइनचा. दोन्ही टोकांना रूळ संपतात. मधे विलवडे स्टेशन आहे, तिथे एक मेन लाइन आणि एक लूप, म्हणजे तिला दोन्ही टोकांना जोडलेली बाजूची लाइन. गाड्या दोन: दिवा-सावंतवाडी पॅसेंजर (इंजिन आणि दोन डबे) आणि पाठीवर ट्रक घेतलेली रो-रो.

कंट्रोल डीसीसी-ईएक्सचा (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळी आज्ञा देणारी प्रणाली) आहे, आर्डुइनो मेगा या छोट्या कंट्रोलर बोर्डावर मोटर शील्ड बसवून. सांध्यांना (जिथे रूळ फुटतात तिथे) एसजी९० सर्व्हो मोटर आणि रुळांखाली इन्फ्रारेड सेन्सर. सध्याचा हिशोब असा की सेन्सर लागला की गाडी थांबते, दहा सेकंद उभी राहते आणि पुढे निघते. दोन्ही गाड्या ठरल्या वेळी आल्या तर क्रॉसिंग फार सुंदर होतं. पण चाक मळलं, एखादी गाडी जरा रेंगाळली, की दुसरी तिची वाट न बघता सुटते आणि एकाच सेक्शनमध्ये (दोन स्टेशनांमधल्या रुळावर) दोघी समोरासमोर येतात. शिवाय दुपारी खिडकीतून ऊन आलं की गाडी नसतानाही सेन्सर लागतात.

सेन्सर वाढवू का? कॉम्प्युटरवर जेएमआरआय हा मॉडेल रेल्वे चालवणारा प्रोग्राम चालवावा लागेल का? पुढे तिसरी गाडी घालायची इच्छा आहे, एवढ्या रुळांवर ती मावेल का?

लाइन_क्लिअर

विलवडेकर, माझी सगळी नोकरी एकेरी लाइनवर स्टेशन मास्तर म्हणून झाली, म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. सेन्सरकडे नंतर येऊ. तुमच्या लाइनवर आधी गोळा हवा.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या सेक्शनला नील्स बॉल टोकन होतं. शेजारशेजारच्या दोन स्टेशनांत एकेक यंत्र, आणि ती दोन्ही तारेने जोडलेली. दोन्ही यंत्रांत मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर निघू शकतो. पुढच्या मास्तरने कबुली दिली तरच माझ्या यंत्रातून गोळा सुटणार. तो कातडी पिशवीत घालून वेताच्या कड्याला अडकवायचा आणि ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. गोळा हातात आला नाही तर समोर कितीही रिकामी लाइन दिसो, गाडी हलत नाही. ड्रायव्हर तो पुढच्या स्टेशनात देतो, तिथला मास्तर गाडी पूर्ण आल्याची खात्री करून तो यंत्रात टाकतो, आणि मगच दुसरा गोळा निघतो. घड्याळाचा इथे काहीच संबंध नाही. गाडी तीन तास उशिरा असली तरी दोन गाड्या समोरासमोर येत नाहीत.

तुमच्या प्रोग्रामात वेळ आहे, गोळा नाही. दहा सेकंद झाले म्हणून सुटणारी गाडी परवानगीशिवाय सुटलेली असते. ते दहा सेकंद ठेवा, प्रवासी चढा-उतरायला लागतात तेवढे, पण त्यानंतर गोळा मिळाल्याशिवाय सोडू नका.

तुमच्याकडे चार जागा आहेत: डावा सेक्शन (त्याच्या टोकाच्या स्टेशनासह), उजवा सेक्शन, विलवड्याची पहिली लाइन आणि दुसरी लाइन. प्रत्येक जागेला एक गोळा. गाडी उभी आहे त्या जागेचा गोळा तिच्याकडे असतोच, पुढे निघण्याआधी तिने पुढच्या जागेचा गोळा मागायचा. मागचा गोळा मात्र शेवटचा डबा आत आल्यावरच परत करायचा. ही गोष्ट लोक हमखास विसरतात. इंजिन आलं म्हणजे गाडी आली असं आम्ही कधीच धरलं नाही. शेवटच्या डब्यावरची एलव्हीची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी डोळ्यांनी बघितल्याशिवाय सेक्शन मोकळा म्हणायचा नाही, कारण कपलिंग सुटून मागे डबा राहिला असेल तर पुढच्या गाडीचा घात होतो. तुमच्या छोट्या कपलिंगा तर बोट लागलं तरी सुटतात.

दुसरं, विलवड्यात गाडी नेहमी आपल्या डाव्या हाताच्या लाइनवर घ्या. डावीकडून येणारी पहिलीवर, उजवीकडून येणारी दुसरीवर. कुठली गाडी कुठल्या लाइनवर घ्यायची हा प्रश्नच मग उरत नाही. सांध्यासाठी नियम एकच: डाव्या सेक्शनचा गोळा ज्या गाडीकडे, डावा सांधा फक्त तिच्यासाठी फिरेल. उजव्याचंही तसंच. एवढ्यात तुमचं इंटरलॉकिंग, म्हणजे सांधा चुकीच्या वेळी फिरू न देणारं बंधन, झालं.

तिसरं, दोन्ही गाड्या एकाच वेळी आत घेऊ नका. एक पूर्ण आत येऊन थांबली की मग दुसरीचा सिग्नल पाडा. खऱ्या रेल्वेत थांबायच्या सिग्नलपुढे सिग्नल ओव्हरलॅप म्हणून मोकळी लाइन ठेवावी लागते. रंगीत दिव्यांच्या सिग्नलला ती १२० मीटर असते, एचओमध्ये जवळजवळ १ मीटर ३८ सेंटिमीटर. तुमचा अख्खा लूप तेवढा असेल, तेव्हा ती देणं शक्य नाही. ती नाही म्हणून गाड्या पाळीपाळीने घ्यायच्या. कोकणात प्रवास केलेल्या कोणालाही ते दृश्य ओळखीचं आहे: आपली गाडी लूपला उभी, समोरून दुसरी हळूच शेजारच्या लाइनवर येते. बघायलाही तेच छान दिसतं.

मीरा_नाशिक

काकांचं वाचून मजा आली, कारण हे जसंच्या तसं डीसीसी-ईएक्समध्ये आहे. त्यात एक्सरेल नावाची सोय असते, सगळा क्रम मेगामध्येच राहतो, त्यामुळे दोन गाड्यांसाठी जेएमआरआय आणि चालू कॉम्प्युटर लागत नाही. गोळा मागायची आज्ञा ‘रिझर्व्ह’. ब्लॉक (काकांची ‘जागा’) दुसऱ्याकडे असेल तर गाडी तिथेच थांबते, मोकळा झाला की पुढची ओळ चालते. गोळा परत करायची आज्ञा ‘फ्री’. प्रत्येक गाडीचा क्रम सुरू होतानाच ती उभी असलेला ब्लॉक तिच्या नावावर रिझर्व्ह करून टाका. वीज गेली की मेगा हे सगळं विसरते, म्हणून पुन्हा चालू करण्याआधी गाड्या हाताने मूळ जागी आणून ठेवाव्या लागतात.

उन्हावर माझा उपाय म्हणजे इन्फ्रारेड काढून हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलं की लागणारा) बसवणं. ए३१४४ स्वस्त असतो, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळतो. स्लीपरच्या मधे भोक पाडून रुळाच्या पातळीखाली बसवायचा, छापील बाजू वर. तो चुंबकाच्या दक्षिण ध्रुवालाच लागतो, म्हणून चिकटवण्याआधी चुंबक फिरवून बघा. सेन्सर लागला की पिन शून्यावर जाते, एक्सरेललाही तेच अपेक्षित असतं.

काकांच्या एलव्हीच्या पाटीसाठी गाडीच्या दोन्ही टोकांना, म्हणजे इंजिनाखाली आणि शेवटच्या डब्याखाली, एकेक छोटं निओडिमियम चुंबक लावा. पहिल्यांदा सेन्सर लागला म्हणजे तोंड आलं, दुसऱ्यांदा लागला म्हणजे शेपूट आलं. दुसऱ्यांदाच मागचा ब्लॉक फ्री. डबा सुटून मागे राहिला तर दुसरी खूण येत नाही, ब्लॉक अडकून राहतो, आणि समोरची गाडी उभीच राहते. टोकाच्या स्टेशनातून परत फिरताना शेपूट पुढे होतं, तरी चुंबकं दोनच असल्याने हिशोब बिघडत नाही.

सेन्सर आठ लागतील. दोन टोकांना एकेक, विलवड्याच्या दोन्ही सांध्यांबाहेर एकेक, आणि दोन्ही लाइनवर आत शिरल्याचा एक व थांबायचा एक. आत शिरल्याचा सेन्सर सांध्यापासून इतका आत हवा की त्यावरून शेपूट गेलं म्हणजे शेजारच्या लाइनवरच्या गाडीला धक्का लागणार नाही. तिथे वेग कमी करायचा आणि पुढच्यावर थांबायचं. सांध्याबाहेरचा सेन्सर निघणाऱ्या गाडीचं शेपूट मोजतो, मग सोडलेली लाइन फ्री होते आणि सांधा मूळ जागी येतो.

डिकोडरचा (इंजिनातल्या आज्ञा वाचणाऱ्या चिपचा) सीव्ही ४ हा सेटिंगचा आकडा बघून घ्या. ती थांबतानाची उतरण असते. आकडा मोठा असेल तर थांब म्हटल्यावरही गाडी घसरत सांध्यापर्यंत जाते. हाताने चालवताना ते सुखद वाटतं, इथे कमीच ठेवा. सर्व्होंना पाच व्होल्टचा वेगळा सप्लाय द्या, मेगातून घेतला तर सांधा फिरताना मेगा रिसेट होण्याची भीती असते. आणि सांध्याची बेचकी (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) विजेची असेल तर सांध्याबरोबर तिची जोडणी बदलणारा रिले हवाच, नाहीतर गाडी लूपमधून निघताना शॉर्ट होईल.

विलवडेकर

दोघांचे मनापासून आभार. ‘गोळा’ हा शब्द डोक्यात बसला आणि कागदावर सगळं सुटत गेलं. आज हॉल सेन्सरांना डाग द्यायला घेतोय. काका, तिसऱ्या गाडीचं मात्र सांगा. बारा फुटांत ती अडकणार असं वाटतंय.

लाइन_क्लिअर

अडकणार नाही. कागदावर चार जागा गोल मांडा: डावा सेक्शन, तिथून पहिली लाइन, तिथून उजवा सेक्शन, तिथून दुसरी लाइन, आणि परत डावा सेक्शन. डाव्या हाताचा नियम पाळला की प्रत्येक गाडी याच क्रमाने फिरते, उलट कधीच जात नाही. रूळ सरळ असले तरी वाहतुकीचं चक्र झालं. चार जागांत तीन गाड्या असतील तर एक जागा कायम मोकळी राहते, तिच्या मागची गाडी त्यात सरकते, तिची जागा मोकळी होते, आणि असं चालू राहतं. चौथी घातलीत तर सगळ्या एकमेकींच्या गोळ्याची वाट बघत उभ्या राहतील.

फक्त एक गोष्ट मोजून घ्या: तुमची सगळ्यात लांब गाडी विलवड्याच्या दोन्ही लाइनवर पूर्ण मावली पाहिजे, आणि थांबायच्या सेन्सरच्या पुढे सांध्यापर्यंत निदान एक वीत उरली पाहिजे. रो-रोची लांबी आधी तपासा. ती मावत नसेल तर एक वाघीण (मालडबा) कमी करा, पण सेन्सर सांध्याकडे सरकवू नका. तिसरी गाडी म्हणून एखादी डेमू (वेगळं इंजिन न लागणारी, दोन्ही टोकांनी चालणारी डिझेल गाडी) घ्या, टोकाला इंजिन मागे राहिल्यासारखं दिसत नाही.