शहाबादीवरचा तेलाचा डाग जाईना, ग्रॅनाइटचा ओटा मात्र लख्ख. असं का?

कोथरूडची_सुगरण: गोडेतेलाचा डबा लवंडला. निम्मं ओट्यावर, निम्मं फरशीवर. ओटा भांड्यांच्या लिक्विडने लगेच निघाला, शहाबादीवर काळपट डाग तसाच. सासूबाई म्हणतात लिंबू चोळ. चोळू का?

नारायणपेठी: लिंबू आणि खायचा सोडा. मस्त फसफसतं.

निवृत्त_केमिस्ट: लिंबू पोह्यांवर पिळा. सोड्याबरोबर ते नुसतं फुकट जातं, आणि एकटं चोळलंत तर फसफसते ती फरशी! शहाबादी म्हणजे चुनखडक, मुख्यतः कॅल्साइट. आम्लाने पॉलिश उतरून पांढुरका चट्टा पडेल, तो काही जायचा नाही.

ओट्याचं निम्मं श्रेय गुळगुळीतपणाचं, तेल मुरायला जागाच कमी. बाकीचं खनिजांचं. ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झवर साध्या पाण्यात ऋणभार असतो. लिक्विडमधला सर्फॅक्टंट म्हणजे मळ काढणारा रेणू, पाण्याकडे ओढणारं डोकं आणि तेलात रुतणारी शेपटी असलेला. त्याचं डोकंही ऋणभारित, म्हणून तो दगडाला न चिकटता तेलाला वेढून पाण्याबरोबर निघून जातो. कॅल्साइटच्या पृष्ठभागावर मात्र कॅल्शियम असतं. तळणीच्या किंवा खवट तेलातली मोकळी फॅटी अ‍ॅसिडं त्याला धरून बसतात, शेपट्या बाहेर काढून. झाला न विरघळणारा कॅल्शियमचा साबण! त्यावर पाणी ठरत नाही. खनिजं वेगळी करताना फ्लोटेशनमध्ये (दळलेलं खनिज पाण्यात कालवून हवेचे बुडबुडे सोडतात) हेच मुद्दाम करतात: ओलिएट, म्हणजे अशाच एका फॅटी अ‍ॅसिडचा क्षार, घातलं की कॅल्साइट बुडबुड्यांना चिकटून वर येतो.

तुमचं तेल ताजं आहे, तेव्हा ते मुख्यतः छिद्रांत मुरलंय. घासून उपयोग नाही, ओढून काढावं लागेल. मुलतानी माती, गरम पाणी, थोडं लिक्विड, चिमूटभर धुण्याचा सोडा असं कालवून जाड लेप द्या. रात्रभर प्लास्टिकने झाका, सकाळी उघडून पूर्ण वाळू द्या. वाळताना माती तेल शोषते. एकदा करून भागणार नाही. आणि बोअरचं क्षाराचं पाणी नको, नळाचं घ्या.

कोथरूडची_सुगरण: आमच्या मावशी वासासाठी पुसायच्या पाण्यात कपड्यांचं कंडिशनर घालतात. चालेल ना?

निवृत्त_केमिस्ट: ओट्यावर तर मुळीच नको. त्याचं डोकं धनभारित, ते ग्रॅनाइटला घट्ट बसतं आणि तेलकट शेपट्या वर राहतात. मग तेल आणि धूळ दोन्ही चिकटणार. सीलर (छिद्रं बुजवणारा लेप) मारलेलं नसेल तर ओट्यावर पाण्याचा थेंब टाका. पसरला तर ठीक, गोल उभा राहिला तर थर बसलाय.